ठकूबाईचा जबाब

"तुमच्या कुटुंबात चारचाकी आहे. त्यामुळे तुम्ही योजनेत बसत नाही," साताऱ्याच्या मोठ्या दवाखान्यातली काउंटरवरची मुलगी म्हणाली.

मी माझ्या पायांकडं बघितलं. चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला होता. "कुठं हाय ती चारचाकी?" मी विचारलं. "दावा तरी. ह्यास्नी एसट्या बदलत बदलत आणलंय मी. चारचाकी असती तर झोपवून आणलं असतं."

रांगेत मागं कुणीतरी हसलं. मुलगी हसली नाही. सकाळपासून तिच्यापुढं माझ्यासारख्या कितीतरी जणी उभ्या राहून गेल्या असतील आणि सगळ्यांची बोलणी तिनंच खाल्ली असतील. तिनं संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला. मला वाचता येतं, सातवीपर्यंत शाळा झालीय माझी. पडद्यावर आमचं अख्खं खटलं मांडलेलं होतं. कुटुंबप्रमुख ठकूबाई, म्हणजे माझी सासू. तिला आम्ही आत्ती म्हणायचो. तिच्याखाली थोरले दीर हणमंत, त्यांची बायको, त्यांची पोरं. मग माझा नवरा जोतीराम, मी शालन, आमची दोन पोरं. सगळ्यांचं मिळून एक कुटुंब, एक चूल, एक स्लॅबचं घर आणि डाळिंबं वाहायचा एक पिकअप टेम्पो.

"हे खोटं हाय," मी म्हणाले. "टेम्पो दिराचा. स्लॅबबी त्यांचाच. आमी मागं पत्र्याच्या दोन खोल्यांत ऱ्हातो. आमची चूल येगळी हाय, कवाची."

"मग पाहणीच्या वेळी तसं सांगायचं होतं ना, ताई."

मागच्या बाकावर जोतीराम भिंतीला टेकून बसला होता. गवंडी माणूस, एके काळी पाण्याच्या टाकीवर माकडासारखा चढायचा. आता दवाखान्याच्या पायऱ्या चढून आला तरी त्याच्या छातीचा भाता झाला होता. लहानपणी सांध्यांचा ताप आलेला, त्यानं म्हणे काळजातली झडप खराब करून ठेवली होती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं, आणि शेवटी चित्रावर रेघ मारून म्हणाले होते की संक्रांतीच्या आत झडप बदलली तर बरं, पुढं मी शब्द देत नाही. तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती.

देशभराची ती विम्याची योजना त्या वर्षी नवीनच आली होती. आमच्या गावात शाळेच्या भिंतीवर ती रंगवलेली होती, गरिबाला मोठ्या दवाखान्यात मोफत उपचार. भिंतीवर सगळेच गरीब बसत होते. यादीत मात्र काही वर्षांपूर्वीच्या सरकारी पाहणीत गरीब म्हणून जे सापडले तेवढेच, आणि ती यादी आता बंद झाली होती, तिच्यात नाव घालायची सोय कुणाकडंच नव्हती. मी हलत नाही म्हटल्यावर त्या मुलीनंच आवाज बारीक करून एक वाट सांगितली. तहसीलमधून कुटुंब विभक्त झाल्याचा पंचनामा करून घ्या, त्यावर वेगळं रेशनकार्ड काढा. तसं कार्ड असलं तर राज्य सरकारच्या योजनेत तुम्हाला बसवता येईल. "पण लवकर करा," ती म्हणाली आणि बाकाकडं बघून तिनं मान खाली घातली.

दोष त्या मुलीचा नव्हता आणि पाहणी करणाऱ्या गुरुजींचाही नव्हता. गुरुजी आमच्या दारात आले तो दिवस चंपाषष्ठीचा होता. आमच्या घरात खंडोबाची एक रीत होती. एरवी भाऊ कितीही वेगळे होवोत, त्या दिवशी चूल एकच पेटायची. आदल्या दिवशी मी माझी चूल सारवून, वर रांगोळी काढून थंड ठेवायची. सकाळी माझ्या घरचं बाजरीचं पीठ घेऊन थोरल्या घरात जायचं, दोन्ही घरांचं पीठ एका काठवटीत मळायचं, आणि जाऊबाईंच्या चुलीवर सगळ्यांचा रोडगा आणि वांग्याचं भरीत व्हायचं. त्या दिवशी अंगणातून दोन धूर निघाले तर घर कायमचं फुटतं, असं आत्ती सांगायची. तिला तिच्या सासूनं सांगितलेलं.

तर गुरुजी ओट्यावर बसून विचारत होते, माणसं किती, खोल्या किती, चुली किती. आत्ती देवापुढं होती. तिथूनच तिनं सांगितलं, "एक." आम्ही वेगळे होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. कालवणातल्या मिठावरून की कशावरून आम्हा जावांचं वाजलं होतं, आता आठवतही नाही. मी तोंड उघडलं तर जाऊबाईंनी माझ्या पायावर पाय ठेवला. परक्यासमोर घर वेगळं झालंय म्हणायचं नसतं, एवढं सुनेला कळायला पाहिजे होतं. बरं, आत्ती खोटं बोलली म्हणावं तर तसंही नाही. गुरुजींना दोन्ही घरं फिरवली असती तरी त्या दिवशी विस्तव एकाच चुलीत सापडला असता. त्यांनी लिहून घेतलं, आत्तीनं त्यांना भरीत-रोडगा खायला घातला आणि ते शेजारच्या घराला गेले.

साताऱ्याहून परत आल्यावर मी तशीच थोरल्या घरात गेले. थोरल्या दिरांना मी आबा म्हणायचे. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. जोतीरामचं दुखणं कळल्यापासून त्यांच्या तोंडची चव गेली होती. पण त्यांची थोरली पोरगी स्नेहल लग्नाची होती, आणि फलटणकडच्या एका स्थळाचं बोलणं चाललं होतं. त्या घरी म्हणे चाळीस माणसं एका पंगतीला बसायची. त्यांना सूनही तशाच घरातली पाहिजे होती, आणि मध्यस्थानं त्यांना सांगून ठेवलं होतं की आमचं पुकळ्यांचं घरही तसलंच, भाऊ-भाऊ एका ताटात जेवतात.

माझं सगळं बोलणं आबांनी ऐकून घेतलं. पंचनामा म्हणजे तलाठी येणार, गावातले पंच बसणार, सगळ्यांपुढं घर फुटल्याचं लिहिलं जाणार. ते उठले आणि दारात जाऊन टेम्पोकडं बघत उभे राहिले.

"टेम्पो इकतो," ते म्हणाले. "उद्या गिऱ्हाईक बघतो. जोत्याचं आपरेशन करू. पण घर फुटलं म्हणून मी सरकारला लिहून देणार न्हाई."

ते खरंच विकायला निघाले होते, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी म्हणाले, "टेम्पो इकल्यावर तुमची पोरं काय खातील? आन आबा, मी तुमच्याकडं भीक मागाय आलेच न्हाई. गरिबाला सरकारनं जे दिलंय ते माझ्या नवऱ्याचं हाय. ते त्याला मिळवून द्यायला तुमचा टेम्पो लागत न्हाई. तुमचं तोंड लागतंय."

बोलली ती आत्ती. कोपऱ्यात वाल सोलत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "टेम्पो इका, शेरडं इका, माझ्या कानातलं इका. माझ्या तोंडातनं घर फुटलं असं निघायचं न्हाई. एवढी वर्सं झाकलंय ते आता चव्हाट्यावर मांडू व्हय?"

"मग लेकाला बी असंच झाकून ठेवा," मी म्हणाले. "मातीखाली."

जाऊबाईंनी कानांवर हात ठेवले. मी तिथून निघाले ते घरी आले आणि पहिल्यांदा रडून घेतलं. सासूला असं बोलणारी मी काही आईच्या पोटातून शिकून आले नव्हते. पण बोलले ते मागं घ्यायला मी गेले नाही, आणि दुसऱ्या दिवशी एकटीच तालुक्याला जाऊन अर्ज देऊन आले.

तिथल्या कारकुनानं अर्जाकडं बघून डोक्याला हात लावला. योजना आल्यापासून तालुक्यातली निम्मी घरं एकदम विभक्त झाली होती, असं तो म्हणाला. लोक परसात तीन विटा मांडायचे आणि ही आमची चूल म्हणायचे. त्यामुळं आता साहेबांनी हुकूम काढला होता की तलाठ्यानं न सांगता जायचं, पेटती चूल डोळ्यांनी बघायची आणि कुटुंबप्रमुखाचा जबाब घ्यायचा. मी म्हटलं, कधीही या, माझी चूल दोन वेळा पेटतेच. बोलले खरी, पण कुटुंबप्रमुख म्हणजे आत्ती.

तलाठी काही लवकर आला नाही. दोन वेळा तालुक्याला जाऊन आले. एकदा तो निवडणुकीच्या कामाला गेला होता, एकदा त्याच्याकडच्या दुसऱ्या सज्जाच्या गावांना. जोतीरामला आता आडवं होऊन झोप लागत नव्हती. मी गादीची गुंडाळी त्याच्या पाठीशी लावायची आणि तो बसल्या बसल्या डोळे मिटायचा. पायावर सूज आली होती, बोटानं दाबलं की खळगा तसाच राहायचा. आत्ती रोज येऊन तो पाय बघायची, खळग्याकडं बघत बसायची आणि एक शब्द न बोलता उठून जायची. मीही बोलत नव्हते. बोलायला गेले असते तर भांडणच झालं असतं.

आणि चंपाषष्ठी आली. आदल्या दिवशी मी चूल सारवली. का सारवली, असं जोतीरामनंच विचारलं. म्हणाला, तुझी तर सगळ्यांशी लढाई चाललीय. मी म्हटलं, माझी लढाई देवाशी नाही. रांगोळी काढली, हळद-कुंकू वाहिलं आणि सकाळी पीठ घेऊन थोरल्या घरात गेले. जाऊबाई आणि मी एका काठवटीत पीठ मळलं, पण एकमेकींकडं बघितलं नाही. आत्तीचा खंडोबाच्या नवरात्राचा उपास होता, नैवेद्य दाखवल्यावरच ती खायची. अंगणात भावकीतली पाच माणसं तळी उचलायला जमली होती. येळकोट झाला, भंडारा उधळला, सगळ्यांची कपाळं पिवळी झाली. तेवढ्यात फाटकापाशी मोटारसायकल थांबली.

तलाठी तरुण होता, नव्यानं बदलून आलेला. भंडारा, माणसं बघून म्हणाला, बरं झालं, पंचही इथंच सापडले. आबांचा चेहरा पडला. मी हात पुसत पुढं झाले आणि म्हटलं, भाऊसाहेब, अर्ज माझा आहे. तो माझ्यामागून खोलीत आला आणि चुलीपुढं उभा राहिला. सारवलेली, रांगोळी घातलेली थंडगार चूल. आत राखेचा कणसुद्धा नव्हता, मीच निपटून काढली होती.

त्याला हसू आलं. "ही तर दाखवायची चूल आहे, वहिनी. अशा मी या महिन्यात पुष्कळ बघितल्या."

मी त्याला रीत सांगितली. आज एकच चूल पेटते, उद्या या, परवा या. तो म्हणाला की तुमच्याकडची रीत मला कशी कळणार, आणि उद्या सांगून आलो तर तुम्ही पेटवून ठेवणारच. हुकूम तसा नाही. आज मी जे बघितलं तेच लिहिणार. पुन्हा फेरी केव्हा, असं विचारलं तर म्हणाला, एकदा नामंजूर झालं की नवीन अर्ज, नवीन क्रमांक, उन्हाळा उजाडेल.

उन्हाळा. मी दारातून जोतीरामकडं बघितलं. तो अंगणातल्या बाजेवर गुडघ्यांवर हात टेकून श्वास ओढत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं मला मानेनं खुणावलं, नको. आजच्या दिवशी नको.

"थांबा भाऊसाहेब," मी म्हणाले. "लिहू नका."

मी कोपऱ्यातल्या तुराट्या मोडल्या, शेणी फोडल्या आणि रांगोळी हातानं पुसून टाकली. काड्यापेटी उचलली. सासरी आल्यापासून मी त्या रीतीबाहेर गेले नव्हते आणि दोन धुरांचं ते बोलणं माझ्याही हाडांत मुरलेलं होतं. पण काडी ओढली. तुराट्या चटकन पेटतात. पत्र्याच्या फटीतून धूर वर निघाला आणि अंगणातलं बोलणं थांबलं.

पहिल्यांदा आले ते आबा. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. "इझव," म्हणाले.

"न्हाई इझवणार."

"शालन, देव हाय घरात."

"देवाला मी रोज हितंच करून घालते," मी म्हणाले. मी परातीत पीठ घेतलं होतं, तवा चढवला होता. "त्याला ठाऊक हाय ही चूल कुणाची ती. ठाऊक न्हाई ते ह्या भाऊसाहेबास्नी. घर फुटायचं ते फुटू दे. मला माझा नवरा पायजे."

मी भाकरी थापली. एवढा आवाज मी आयुष्यात कुठल्या भाकरीचा केला नसेल. जाऊबाई अंगणात पदर तोंडात धरून उभ्या होत्या. तळी उचललेली माणसं एकमेकांकडं बघत होती, आणि भावकीतले सगळ्यांत वडील नामूतात्या फाटकाकडं सरकायला लागले होते. असल्या दिवशी असल्या कागदावर सही करायची कुणाची तयारी नव्हती.

तलाठ्यालाही आता अवघडल्यासारखं झालं. पण तोही आपल्या जागी बरोबर होता. तो म्हणाला, माझ्यासमोर पेटवलेली चूल मी रोजची म्हणून कशी लिहू? उद्या कुणीही काडी ओढेल. कुटुंबप्रमुख सांगतील ते लिहितो. आजी कुठं आहेत?

आत्ती थोरल्या घराच्या दारात उभी होती. हातात नैवेद्याचं ताट होतं, रोडगा, भरीत, पातीचा कांदा. केव्हापासून उभी होती कोण जाणे. सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. मी मात्र तव्यावरून नजर काढली नाही. मला ठाऊक होतं ती काय सांगणार. मागच्या वेळी जे सांगितलं तेच, त्याच घोगऱ्या आवाजात. मी ठरवून टाकलं होतं की ती "एक" म्हणाली की याच तुराट्यांतली जळती काटकी घेऊन तहसीलदाराच्या दारात जाऊन बसायचं, मग पोलीस येवोत नाहीतर कुणी येवो.

आत्तीनं ताट जाऊबाईंच्या हातात दिलं. अंगण ओलांडून आली, वाकून माझ्या खोलीत शिरली आणि चुलीपुढं मांडी घालून बसली.

"वाढ," ती म्हणाली.

कालवण नव्हतं. तव्यावरची भाकरी तिला दिली, वर लसणीची चटणी आणि तेल घातलं. देवाला अजून नैवेद्य दाखवला नव्हता. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि खाल्ला. एवढ्या दिवसांचा उपास तिनं माझ्या चुलीवर सोडला, तोही देवाच्या आधी. मग तोंडातला घास गिळून ती तलाठ्याकडं वळली.

"लिही बाबा. मी ठकूबाई. घर येगळं झालंय. माझी चूल ही."

"पण आजी, पाहणीत तर एकच चूल लिहिलीय. भाऊ केव्हा वेगळे झाले?"

"भाऊ न्हाई येगळं झालं," आत्ती म्हणाली. तिचा आवाज मुद्दाम अंगणात ऐकू जाईल एवढा चढला. "भावांत काय बी न्हाई. मी येगळी निघाले. थोरल्या सुनंचं न् माझं पटंना. मी भांडकुदळ म्हातारी, माझं कुणासंगच पटत न्हाई. धाकट्याला घिऊन मीच चूल मांडली. घर फोडलं ते मी. असंच लिही, माझं नाव घालून."

जाऊबाई काहीतरी बोलायला पुढं झाल्या. आत्तीनं त्यांच्याकडं असं बघितलं की त्या जागच्या जागी थांबल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घर फुटल्याचं एकदा कागदावर आलं की कुणाच्या तरी नावावर ते लागणारच होतं. आबांच्या नावावर लागलं असतं तर स्नेहलचं लग्न मोडलं असतं. माझ्या नावावर लागलं असतं तर जन्मभर मला ऐकून घ्यावं लागलं असतं. म्हातारीनं ते उचललं आणि स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

नामूतात्या दारापर्यंत आले. "ठकूबाई, आजच्या दिशी असलं लिवून देऊ नगं," ते म्हणाले. "म्होरल्या आठवड्यात बसू. समद्यांचा इचार घिऊ."

"माझ्या लेकाच्या छातीला दिस कळत्यात व्हय, तात्या?" आत्तीनं विचारलं. "करा सह्या. ते बघा, भाऊसाहेब पेन घिऊन उभं हायती."

त्यांनी सह्या केल्या. भंडाऱ्याची पिवळी बोटं कागदावर उमटली. आत्तीनं अंगठा दिला, तलाठी गेला. माणसंही न जेवता पांगली, त्यांना कुणी थांबवलं नाही. मी चुलीपुढंच बसून होते. आत्तीच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटत होतं, पण ती अजून जेवत होती, आणि जेवण झाल्यावर ताटात हात धुऊन ती उठली ती सरळ थोरल्या घरात गेली.

परत आली ती काखेत वळकटी आणि हातात तांब्या घेऊन. जाऊबाई मागून रडत येत होत्या. त्या म्हणत होत्या की आत्ती, कागदावर लिहिलं, झालं, आता कोण बघायला येतंय, तुम्ही आपल्या घरातच राहा. मलाही खरं तर तसंच वाटलं होतं. माझ्या दोन खोल्यांत जोतीराम, दोन पोरं, वर ही कुठं झोपणार होती?

"खंडोबाच्या दिशी बोलले मी," आत्ती म्हणाली. "तवा सांगितलं ते बी त्याच्याच दिशी, आन त्येचा भोग माझ्या लेकाला आला. आताचं खोटं पडू द्यायची न्हाई." आणि तिनं वळकटी माझ्या खोलीत टाकली.

ती नंतर गेलीच नाही. मरेपर्यंत माझ्यातच जेवली. जाऊबाईंनी अंगण ओलांडून कितीदा हाक मारली, दिवाळीला मारली, नागपंचमीला मारली. ती जायची, ओट्यावर बसायची, नातवंडांशी बोलायची, पण घास घ्यायची नाही. स्लॅबच्या घरात तिची पंख्याखालची जागा होती. माझ्याकडं उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की दुपारी तिच्या अंगावर घामोळं फुलायचं. आबांनी मिस्त्री आणून त्या पत्र्याखाली प्लायवूड मारून घेतलं, तेव्हा ती त्यांना नको म्हणाली नाही.

कार्ड निघालं. म्हणून लगेच सगळं झालं असं मात्र समजू नका. कधी जोतीरामचा अंगठा यंत्रावर उमटेना, कधी मंजुरीचा निरोप येईना, कधी नाव चुकीचं म्हणून परत. मी त्या काउंटरला इतक्या वेळा गेले की ती मुलगी मला लांबून बघूनच उठून उभी राहायला लागली. शेवटी तिनंच दोन दिवस फोनवर फोन करून मंजुरी काढली. संक्रांत होऊन गेली होती. दवाखान्यात न्यायच्या सकाळी मी पोराला एसटीचं वेळापत्रक बघायला पाठवत होते, तर फाटकापाशी टेम्पो उभा. आबांनी मागच्या हौद्यात गादी टाकली होती, वर ताडपत्री बांधली होती. ज्या गाडीपायी आम्ही योजनेबाहेर पडलो होतो त्याच गाडीतून जोतीराम झोपून दवाखान्यात गेला. ऑपरेशन चाललं तेवढा वेळ आबा जिन्यात उभे होते, मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

आता म्हणे सगळ्यांनाच कार्ड मिळतं, पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही. कुणी चुली मोजायला येत नाही. बरं झालं. आमच्या वेळी ते झालं असतं तर आणखी बरं झालं असतं, एवढंच मी म्हणते, आणि सरकारी माणूस भेटला की तोंडावर म्हणते.

स्नेहलचं लग्न पुढच्या वैशाखात त्याच फलटणच्या घरात झालं. म्हातारी खाष्ट आहे, तिनं धाकट्याला घेऊन वेगळी चूल मांडली, पण भाऊ-भाऊ अजून एकजीव आहेत, अशी बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं होतं. लग्नात मी आणि आत्ती मांडवाच्या कडेला खुर्च्यांवर बसलो होतो. मागं मुलाकडच्या दोन बायका होत्या. एक दुसरीला सांगत होती, हळू बोलतेय असं तिला वाटत होतं. हीच बघा ती, म्हणत होती. चांगलं गोकुळासारखं घर होतं, ह्या म्हातारीनं फोडलं. सुनेशी पटलं नाही म्हणून देवाच्या दिवशी चूल पेटवली म्हणे. दुसरी म्हणाली, कसली माणसं असतात एकेक.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वळले. त्या बाईला चांगली उभी-आडवी घ्यायची, सगळ्या मांडवाला ओरडून सांगायचं की ती चूल कुणी पेटवली आणि कुणासाठी, असं माझ्या मनात होतं. पण आत्तीनं माझं मनगट धरलं. एवढ्या वयात तिची पकड अजून तशीच होती.

"बस खाली," ती म्हणाली. ती ताठ बसली होती, डोक्यावरचा पदर नीट होता आणि त्या बायकांकडं तिनं वळूनसुद्धा बघितलं नव्हतं. "त्यांच्याकडं काय बघतीस? तिकडं बघ."

मी बघितलं. पंगती बसल्या होत्या. जोतीराम आमटीची बादली घेऊन दोन ओळींमधून पळत होता. कुणीतरी लांबून हाक मारली, तसा तो भरल्या बादलीसकट वळला आणि पळतच तिकडं गेला. त्याला धाप लागली नव्हती.